डेनिसचा घोट

हॉलोहाइथ, २२ ऑगस्ट २००४

प्रिय लॉरेन,

अक्षर ओळखलंस का? मी क्लाइव्ह मॅनरिंग. 'रीड कटर' पबच्या वरच्या खोलीत जाणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी टॉर्च घेऊन उभा असायचो, तोच. आता टॉर्च गेला, केसही गेले, आणि नगरपालिकेतल्या नोकरीतून गेल्या वर्षी सुटलो. आपण एकाच गावात राहतो आणि वर्षातून एकदा भाजीच्या दुकानात एकमेकांना मान हलवतो, हे काही बरोबर नाही.

कामाचं सांगतो. येत्या १४ नोव्हेंबरला आपल्या 'टार बॅरल्स' बँडच्या शेवटच्या कार्यक्रमाला तीस वर्षं होतील. आम्ही जुन्या चाहत्यांनी एक पुस्तिका काढायची ठरवली आहे. एक्केचाळीस जणांच्या आठवणी आल्यात. एकजण साउथएंडहून दर गुरुवारी सायकल मारत यायचा, त्याने लिहिलंय की परतीच्या वाटेवर त्याचे पाय आपोआप तुझ्या भावाच्या, डेनिसच्या ड्रमच्या ठेक्यात पडायचे. एकीने व्हिन्सच्या डगल्याचं बटण अजून शिवणाच्या डब्यात ठेवलंय. व्हिन्स बोटींच्या कारखान्यातून रंगाने माखलेल्या डगल्यातच थेट गायला यायचा आणि छताच्या पाइपाला लोंबकळून गायचा, ते तर प्रत्येकाने लिहिलंय.

आणि त्या काळात बाकीचे बँड काय करत होते आठव. वीस-वीस मिनिटांचं एक गाणं, त्यात जादूगार आणि ढग, आणि लोक जमिनीवर मांडी घालून डोळे मिटून बसलेले. आपल्याकडे तीन मिनिटांच्या वर गाणं नाही. एक संपायच्या आत डेनिसचं पुढच्याचं एक-दोन-तीन-चार सुरू. पुढे दोन वर्षांनी लंडनची ती पंकवाली पोरं पेपरात झळकली, त्यातली निम्मी आपल्याच खोलीत भिंतीला टेकून उभी असायची. नाव त्यांचं झालं.

शेवटच्या संध्याकाळवरचं पान मी स्वतः लिहिलंय, सोबत जोडतो. तुझी आठवण हवी आहे, आणि डेनिसचा एखादा फोटो. पंधरा ऑक्टोबरला छपाईला देणार आहोत. कार्यक्रम रविवारी दुपारी, चर्चच्या हॉलमध्ये.

तुझा,
क्लाइव्ह

(सोबतचं पान)
'त्या संध्याकाळी दुसऱ्या सत्रात डेनिस स्टेबिंगने नेहमीप्रमाणे वाजवणं थांबवलं, ग्लास उचलला आणि हसत हसत आपला प्रसिद्ध घोट घेतला. तो घोट घेत असताना ठेका आपण पायांनी धरायचा, ही आपल्या खोलीची रीतच होती. खालचा एक खांब काढलाय, आज पाय आपटायला लावू नका, असा निरोप मालकांनी त्याला पाठवला होता. पण जोशात माणसाला भान राहत नाही. शंभर-सव्वाशे लोकांनी ठेका धरला आणि तुळई मोडली. खाली ग्लास गोळा करणाऱ्या पॉलीन रेव्हलच्या अंगावर छत आलं, ती जन्माची अधू झाली. त्याला दोष देण्यासाठी आपण हे लिहीत नाही. तरुण वय होतं.'

---

२७ ऑगस्ट

क्लाइव्ह,

तुझं पत्र सकाळी आलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले, सायकलवाल्याचं वाचून. मग ते सोबतचं पान वाचलं. ते दुसऱ्यांदा वाचताना गॅसवरचे बटाटे करपले. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांचं जेवण केलं, एकदा कधी भांडं करपलं नाही माझं.

दोष देण्यासाठी लिहीत नाही म्हणे. मग कशासाठी लिहितोस? आरती ओवाळायला? 'तरुण वय होतं' हे शेवटचं वाक्य तर तू इतकं साळसूदपणे लिहिलंयस की मस्तकात तिडीक गेली.

माझा भाऊ जिवंत आहे हे तरी तुला ठाऊक आहे ना? माझ्याच घरात मागच्या खोलीत असतो. छाती गेलीय त्याची. तेलाच्या डेपोत चाळीस वर्षं काढली त्याचं हे बक्षीस. डॉक्टर म्हणतात हा हिवाळा निघेल, पुढचा सांगता येत नाही. त्या रात्रीनंतर त्याने काठीला हात लावलेला नाही. ड्रम देऊन टाकले. बाजारात जायचं तर 'रीड कटर'वरून जावं लागतं, म्हणून हा माणूस गेली तीस वर्षं कालव्याच्या बाजूने पाऊण मैल वळसा घालून पाव आणतो. त्या पहिल्या हिवाळ्यात आमच्या दारावर कोणीतरी लाल रंगाने पॉलीनचं नाव लिहून ठेवलं होतं. ते मी घासून काढलं. डाग अजून आहे, ये आणि बघ.

आणि तू आता ते छापून एक्केचाळीस घरांत वाटणार. तो असताना. त्याच्या मरणाची तरी वाट बघायची होती.

एक गोष्ट नीट वाच. त्या संध्याकाळी मी पहिल्या रांगेत होते, त्याच्यापासून हातभर अंतरावर. त्याने ग्लास उचलला नाही. ग्लासला हातसुद्धा लावला नाही. तो हसतही नव्हता. तू जिन्याशी होतास, मध्ये शंभर डोकी होती. तुला काय दिसलं ते मला सांगू नकोस. ऐकीव गोष्टी ऐकून लिहिलं असशील तर पान फाड. तेवढ्यावर मी गप्प बसेन.

फोटो मिळणार नाही.

लॉरेन

---

५ सप्टेंबर

प्रिय लॉरेन,

तुझा राग मी समजू शकतो. डेनिसच्या तब्येतीचं वाचून वाईट वाटलं. मला खरंच कल्पना नव्हती.

घोटाचा भाग मी काढतो. 'हसत हसत' तर लगेच खोडलं. चूक झाली, कबूल. पण निरोपाचं वाक्य मला काढता येणार नाही, कारण ते ऐकीव नाही. अपघाताच्या चौकशीच्या वेळी ते लेखी नोंदलं गेलंय. मालक गॉस्लिंग खाली होते, त्यांनी निरोप माझ्याकडे दिला होता. मध्यंतरात जिन्यालगतच्या बोळात मी डेनिसला गाठलं आणि जसाच्या तसा सांगितला. तो घाईत होता, घामाने निथळत होता, हो-हो म्हणाला आणि गेला. तेव्हा त्याने नीट ऐकलं नसेल असंही मी चौकशीत सांगितलं होतं. म्हणजे मी त्याची बाजूच घेतली, हे लक्षात घे.

इतक्या वर्षांनी भांडण नको. आपण त्या खोलीत एकत्र होतो. सगळ्या गावाला ठाऊक होतं गुरुवारी कुठे जायचं. आठवड्यातून एक संध्याकाळ आपण कोणाचे नोकर नव्हतो, कोणाची पोरं नव्हतो. ते लोकांपुढे यावं एवढीच माझी इच्छा आहे.

मनापासून,
क्लाइव्ह

---

९ सप्टेंबर

क्लाइव्ह,

मध्यंतरात. जिन्यालगतच्या बोळात. पुन्हा एकदा वाच तू काय लिहिलंयस, आणि मग माझं वाच.

डेनिसची बोटं फुटायची. काठी घट्ट धरायचा मूर्खासारखा, शिकवलेलं कोणी नव्हतं. दर गुरुवारी मध्यंतर झालं की तो मागच्या लोखंडी जिन्याने थेट अंगणात उतरायचा. तिथे मी पंपाखाली त्याचा शर्ट पिळायचे आणि त्याच्या बोटांना चिकटपट्टी लावायचे. उजव्या हाताला तीन, डाव्याला दोन. तो उघड्या अंगाने बिअरच्या पेटीवर बसायचा आणि थंडीने शिव्या घालायचा. मग तोच ओला शर्ट घालून त्याच जिन्याने वर. तुझ्या बोळात तो दोन वर्षांत एकदाही आला नाही. त्या संध्याकाळीही नाही. पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत मी त्याच्यासोबत होते, आणि आमच्याकडे कोणी आलं नाही.

हे मी चौकशीत का नाही सांगितलं, असं विचारशील. मला कोणी विचारलंच नाही. वय एकोणीस, त्यात बहीण. डेनिसने सांगितलं होतं, मला कोणी काही बोललं नाही म्हणून. ते त्याच्याकडे बघून हसले. तुझा लेखी जबाब होता ना, नीटनेटका, नगरपालिकेत नुकत्याच लागलेल्या माणसाचा. त्यात काय लिहिलं होतं ते आम्हाला कोणी वाचूनही दाखवलं नाही. एवढंच कळलं, की निरोप पोचला होता. मला वाटायचं गॉस्लिंगने खोटं रचलं. म्हातारा मेला तेव्हा मी त्याच्या मयतीलाही गेले नाही. इतकी वर्षं मी चुकीच्या माणसाला शिव्या घातल्या की काय?

तुझं पत्र आल्यावर काल रात्रीच्या जेवणाला मी डेनिसला विचारलं. इतक्या वर्षांत मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं की तू थांबलास का. आमच्या घरात त्या दिवसाचं नाव काढत नाहीत. त्याने वाटाणे ताटाच्या कडेला सारले. मग बोलला.

पायाने वाजवायचा तो मोठा ड्रम पुढे सरकत जातो म्हणून त्याने स्टेजच्या फळीत दोन मोठे खिळे ठोकून ठेवले होते, ड्रमच्या पुढे. त्या संध्याकाळी चौथ्या गाण्यात त्याला दिसलं की एक खिळा आपोआप वर येतोय. फळी खालून वाकत होती. अर्धा इंच, मग बोटभर. त्याला वाटलं आपल्याच पायाच्या दणक्याने होतंय. म्हणून त्याने हात वर उचलले आणि थांबला. लोकांना वाचवायला थांबला, क्लाइव्ह.

आणि तो थांबला की आपण काय करायचो? ग्लास कोणी बघितला? ड्रम बंद झाला की पाय सुरू, दोन वर्षांची सवय. तो ओरडत होता, मी बघितलं त्याचं तोंड उघडलेलं. त्या पायांपुढे कोणाला ऐकू येणार होतं? माझेही पाय त्यात होते. मला त्याचा ग्लास तसाच भरलेला दिसत होता आणि तरी मी आपटत होते. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आता तू सांग. निरोप कुठे दिलास, कधी दिलास आणि कोणाला दिलास.

लॉरेन

---

२ ऑक्टोबर

क्लाइव्ह,

तीन आठवडे झाले. भाजीच्या दुकानात मला बघून तू कांद्यांच्या मागे वळलास. पन्नाशी उलटलेला माणूस.

तू मूग गिळून बसलास म्हणून मी पॉलीनकडे गेले. तीस वर्षांत पहिल्यांदा तिची बेल वाजवली. मला वाटलं दार तोंडावर आपटेल. ती दोन काठ्यांवर आली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "स्टेबिंगची बहीण ना तू? ये आत. तुझ्या भावासारखी तिथेच उभी राहू नकोस."

मी म्हटलं, "डेनिस कधी आला होता इथे?"

"दर नाताळला," ती म्हणाली. "फाटकापर्यंत येतो. केक ठेवतो आणि पळतो. एकदा तरी बेल वाजव म्हणावं त्याला. मी धावत जाऊन पकडू शकत नाही, हे त्याला कळायला नको?"

मला हे ठाऊक नव्हतं. केक मीच करते. तो मला सांगायचा, डेपोतल्या मित्राला देतो.

मग मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. तिने मध्येच थांबवलं. म्हणाली, "बोळात कसा सांगेल? मध्यंतर संपलं होतं. वर पहिलं गाणं सुरू झालं होतं, माझ्या डोक्यावर धूळ पडत होती. मीच गॉस्लिंगना म्हटलं, आज बरं वाटत नाहीये हे छत. तेव्हा त्यांनी टॉर्चवाल्याला हाक मारली. तो जिन्यावरून अर्धा खाली आला. ते म्हणाले, ढोलवाल्याला सांग आज पाय नकोत, शनिवारी गवंडी येतोय. तो म्हणाला, सांगतो. मी तिथेच होते, ट्रे हातात घेऊन. मला वाटलं, चला, झालं काम. म्हणून मी त्या छताखाली गेले."

म्हणून ती त्या छताखाली गेली. तू 'सांगतो' म्हणालास म्हणून.

ती चार महिने इस्पितळात पालथी पडून होती, तिला कोणी विचारलं नाही. बाहेर आली तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. तिला वाटलं, तू सांगितलं असणार आणि डेनिसने ऐकलं नसणार. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्या डोक्यावर खापर फोडलं, आणि तू बाजूला उभा राहून टॉर्च धरलास.

मला तुझी माफी नको. पंधरा तारखेच्या आत खरं काय ते तुझ्या हाताने लिहून पाठव. नाहीतर मी आणि पॉलीन चौदा नोव्हेंबरला हॉलच्या दारात उभ्या राहू, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू. तिला उभं राहायला त्रास होतो. पण ती म्हणाली, उभी राहीन.

लॉरेन

---

११ ऑक्टोबर

लॉरेन,

हे आठवं पत्र. आधीची सात फाडली. प्रत्येकात मी स्वतःला थोडं थोडं वाचवत होतो.

पॉलीनचं बरोबर आहे. गॉस्लिंगनी मला जिन्यावर सांगितलं. मी 'सांगतो' म्हणालो. वर गेलो. दुसरं गाणं चालू होतं. वाटलं, हे संपलं की सांगू. पण तुला माहीत आहे, त्यांच्या दोन गाण्यांमध्ये सुईएवढी फट नसायची. गर्दीतून पुढे जायचं म्हटलं तर जाता आलं असतं. लोकांनी मला वाट दिली असती, टॉर्च होता माझ्याकडे.

मी गेलो नाही, कारण मला जायचं नव्हतं. हे मी आजवर स्वतःलाही असं लिहून दाखवलेलं नाही. मी चोवीस वर्षांचा होतो. दिवसभर लोकांच्या गटारांच्या तक्रारींच्या प्रती काढायचो. घरी वडील ताटावर बसून माझ्याशी बोलायचे नाहीत. आठवडाभर मी त्या एका मिनिटाची वाट बघायचो. ड्रम थांबायचा, एक क्षण सगळं गप्प, आणि मग पहिला पाय पडायचा. तुम्ही पुढचे लोक समजायचात की तो आपोआप पडतो. तो माझा असायचा, लॉरेन. जिन्याच्या वरच्या पायरीवर लोखंडी पट्टी होती, तिच्यावर टाच मारली की सगळीकडे ऐकू जायचं. मग बाकीचे.

त्या संध्याकाळी तो थांबला, आणि मी टाच मारली. मला निरोप ठाऊक होता. त्या खोलीत फक्त मलाच ठाऊक होता. मी मारली.

चौकशीत विचारलं तेव्हा तोंडातून गेलं, की सांगितला. नोकरी नवी होती. वाटलं, डेनिसलाही काही होणार नाही, त्याने ऐकलं नाही एवढंच म्हणतील. मग दारावरचा तो रंग मी बघितला. मी त्या बाजूने जाणं सोडलं. तो कालव्याकडून वळसा घालतो म्हणालीस. मी दुसऱ्या बाजूने घालतो.

पुस्तिका मी थांबवली आहे. माझं पान फाडलं. हे पत्र तुला कोणालाही दाखवायचं असेल तर दाखव. डेनिसला वाचून दाखव, ही विनंती. त्याच्यासमोर उभं राहायची हिंमत माझ्यात नाही.

क्लाइव्ह

---

१९ ऑक्टोबर

क्लाइव्ह मॅनरिंग,

लॉरेन लिहिते म्हणाली, मी नको म्हटलं. हात चालतो अजून. दम लागतो म्हणून तुकड्यातुकड्यांत लिहितोय.

तुझं पत्र तिने वाचून दाखवलं. तिला रडू आलं. मला नाही आलं. मी उठून बाहेर गेलो आणि कोळशाच्या खोलीच्या दाराला लाथ मारली. मग दहा मिनिटं खोकत बसलो. तू समोर असतास तर ती लाथ तुला बसली असती, आणि नंतरही मला पश्चात्ताप झाला नसता. हे आधी सांगून ठेवतो.

लोक काय म्हणाले त्याचं मला विशेष काही नव्हतं. लोक म्हणतात. पण मी स्वतः तीस वर्षं काय समजत होतो ते ऐक. मला वाटायचं, मी थांबलो नसतो तर पाय पडले नसते. वाजवत राहिलो असतो, गाणं संपवलं असतं, लोक घरी गेले असते. खिळा वर आला तर येऊ दे. मी थांबलो म्हणून ती मुलगी मोडली. रोज पाव आणताना हेच. बायको होती तेव्हाही हेच. ती कंटाळून गेली, तिचं काही चुकलं नाही. आणि एवढा सगळा वेळ तुला ठाऊक होतं की मी बरोबर थांबलो होतो. हे एक वाक्य होतं तुझ्याकडे. पोस्टाचं तिकीट लावून पाठवायचं होतंस.

हिंमत नाही म्हणतोस. मग आण कुठूनतरी.

पुस्तिका काढ. बाकीच्यांनी तुझं काय घोडं मारलंय, त्या सायकलवाल्याने, बटणवालीने? त्यांचं छाप. माझा फोटो लॉरेन देईल. शेवटच्या संध्याकाळच्या पानावर तू लॉरेनला पाठवलंस ते पत्र छाप, तुझ्या नावासकट, टाचेसकट. आणि चौदा तारखेला हॉलमध्ये उभा राहून ते स्वतः वाच. पॉलीन पहिल्या रांगेत बसेल. गेल्या आठवड्यात मी तिची बेल वाजवली. फार बोललो नाही आम्ही. तिने केकबद्दल तक्रार केली, मनुका कमी असतात म्हणे.

ते वाचून झालं की एक गाणं वाजवणार आहे मी. व्हिन्स येतोय, मुलाचे ड्रम घेऊन. एकच गाणं, तेवढा दम आहे. हॉलची जमीन दगडी आहे, मी जाऊन बघून आलोय, टाच मारून बघितली.

त्या गाण्यात मी मध्येच थांबणार. ग्लास शेजारी भरलेला असेल. त्याला मी हात लावणार नाही. तू हॉलच्या दारात उभा राहायचंस, तुझ्या जुन्या जागी, आणि मी थांबलो की कोणी पाय हलवणार नाही हे बघायचंस. एकाचाही नाही. तुझा तर नाहीच.

मी थांबलो की कसं वाटतं, ते मला एकदा ऐकायचं आहे.

डेनिस स्टेबिंग